वाड्याच्या खांबाचा पाय: लाकडी चौकटीची दुरुस्ती कशी करावी

वाड्यातला खांब कुजतो तो बहुतेक वेळा खालच्या वीतभरात. छातीच्या उंचीवर टोच्या मारला तर सागवान टणक लागतं, आवाज खणखणीत येतो. तोच टोच्या तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडाजवळ, अर्धा इंच आत जातो आणि बाहेर काढला की टोकाला तपकिरी भुसा लागलेला असतो. म्हणून वाड्याची तपासणी आढ्यापासून नाही, खाली उकिडवं बसून सुरू करायची.

पुण्यातल्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांमधले जुने वाडे म्हणजे मुळात लाकडी सांगाडे. घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांच्या डोक्यावर हस्त (आधाराचे लाकडी ब्रॅकेट), हस्तांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. भिंत या सांगाड्याला धरून भरलेली: बाहेरून पातळ भाजक्या विटा, आत पुष्कळदा कच्च्या विटा नाहीतर पांढरी माती. रस्त्याकडची भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण तिच्या पोटातही खांब असतात आणि मजल्याचा भार मोठ्या प्रमाणात तेच वाहतात. भिंत धडधाकट दिसते म्हणून घर धडधाकट आहे असं समजणं ही पहिली चूक.

हीच रीत उत्तर जर्मनीतल्या जुन्या शेतघरांत ओकच्या लाकडात दिसते. तिथे तिला फाखवेर्क म्हणतात. ‘फाख’ म्हणजे खण, आणि घर किती खणांचं हे आपल्याकडेही विचारतात, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिथल्या हालेनहाउस या प्रकारात छपराचा भार आतले खांब पेलतात. बाहेरच्या भिंतींच्या खणांत काठ्या उभ्या करून त्यावर फांद्यांचं विणकाम करायचं आणि दोन्ही बाजूंनी गवत मिसळलेली माती थापायची. माणसं, गुरं आणि धान्य एकाच छपराखाली. चुलीला धुराडं नसायचं. धूर छपरातून वाट काढत जायचा आणि जाता जाता वाशांना काळं करून कीड दूर ठेवायचा. मोठ्या दरवाजावरच्या तुळईवर बांधणाऱ्या नवराबायकोची नावं आणि साल कोरलेलं असतं. सुतार सगळी चौकट आधी जमिनीवर जुळवून प्रत्येक सांध्यावर खुणा करत, मग उभी करत. त्या खुणांमुळे ही घरं सुटी करून दुसरीकडे पुन्हा उभी करता येतात. क्लोपेनबुर्गच्या खुल्या संग्रहालयात गावोगावची अशी घरं आणून ठेवली आहेत.

जर्मनांनी एक चूकही आपल्या आधी करून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये अनेक घरांच्या खणांवर सिमेंटचा गिलावा चढला, लाकडाशेजारच्या फटीत रबरी सीलंट भरलं गेलं, लाकडावर श्वास कोंडणारा रंग बसला. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आटतं. भरणी तशी हलत नाही, त्यामुळे दोघांमध्ये केसाएवढी फट पडणारच. पाणी त्या फटीतून आत गेलं आणि पूर्वी जे माती-चुन्यातून वाळून निघून जायचं ते सिमेंटमागे अडकलं. शतकानुशतकं टिकलेला ओक काही दशकांत भुसा झाला. आता तिथे सिमेंट खरवडून पुन्हा माती आणि चुना भरतात. पुण्यात आपण अजून सिमेंट लावण्याच्याच टप्प्यावर आहोत.

आधी पाणी कुठून येतं ते पाहा

कुजलेला खांब हा परिणाम असतो. कारण सापडलं नाही तर नवा पायही दहा वर्षांत जुन्यासारखाच होतो. जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात विजेरी घेऊन घरभर फिरा आणि ओल दिसेल तिथे खडूने तारीख लिहा. वाड्यात संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. चौकाच्या कोपऱ्यात दोन पाखं मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ. नंतर गॅलरीत काढलेलं न्हाणीघर किंवा संडास आणि त्याचा भिंतीत लपवलेला पाइप. मोरीचा उतार. जोत्याच्या दगडांतून उगवलेला पिंपळ. आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ती जागा: वर्षानुवर्षं फरशीवर फरशी घालून उंच झालेली जमीन. मुळात तळखडा जमिनीच्या वर दोन-तीन इंच दिसायचा. आज तो फरशीखाली गाडलेला असतो आणि खांब थेट फरशीत रोवल्यासारखा दिसतो. लादी पुसल्याचं पाणी रोज त्याच्या बुडाशी जिरतं.

प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक द्या, साधा नकाशा काढा. मग टोच्या, हातोडी आणि ओलावामापक घेऊन बसा. सुक्या दिवसांत लाकडातला ओलावा १० ते १४ टक्के मिळाला तर ठीक. २० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर बुरशीला पोषक वातावरण आहे, लाकूड आज टणक असलं तरी. ओळंबा सोडून खांब किती झुकलाय तेही लिहून ठेवा. झुकाव जुना असू शकतो. तो वाढतोय का, हे सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावरच कळतं. भिंतीत दडलेल्या खांबांसाठी जोत्यालगत एक-दोन विटा काढून पाहण्याला पर्याय नाही.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. सुतारकाम नोव्हेंबर ते मार्च, चुन्याचं काम फेब्रुवारीअखेरपर्यंत, शाकारणी मे महिन्यात. एप्रिलच्या उन्हात लावलेला चुना धरण्याआधीच वाळतो आणि हात फिरवला की पावडर निघते.

भार उचलायचा नाही, फक्त घ्यायचा

टेकू लावण्याआधी वजनाचा हिशेब करा. चार इंच मातीचा थर एका चौरस मीटरला साधारण १८० किलो भरतो. त्यावर कोणी सिमेंटच्या थरात शहाबादी बसवली असेल तर आणखी १७० किलो. म्हणजे मजल्याचं स्वतःचं वजन जवळजवळ दुप्पट झालं, तुळई मात्र तीच. एका खांबाच्या वाट्याला अडीच बाय तीन मीटर जागा येते असं धरा. माती, लाकूड आणि माणसं-सामान मिळून चौरस मीटरला सव्वाचारशे किलो धरले तर एका मजल्याचे तीन टनांहून जास्त होतात. दोन मजले आणि कौलारू छप्पर धरून सात टनांच्या आसपास. हा आकडा एका लाकडी धिऱ्यावर ठेवायचा नसतो. मजल्यावरचं फर्निचर, कपाटं, धान्याच्या कोठ्या आधी रिकाम्या करा, शहाबादी काढता आली तर तीही.

खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली, दीड-दोन फुटांवर एकेक दहा टनी स्क्रू जॅक आणि लोखंडी प्रॉप. वरच्या टोकाला तुळईखाली लाकडी फळकूट, म्हणजे तुळईला चट्टा पडत नाही. खालच्या टोकाला किमान तीन फूट लांब, सहा इंच रुंद लाकडी पाट. वरच्या मजल्यांवरचे टेकू खालच्यांच्या बरोबर वर आले पाहिजेत.

एक पुणेरी धोका इथे सांगायलाच हवा. जुन्या वाड्यांत जमिनीखाली काय असेल सांगता येत नाही: तळघर, बुजवलेला आड, धान्याचं पेव, कात्रज तलावाकडून येणाऱ्या जुन्या नळाचं पाणी घेणारा हौद. टेकूची जागा ठरवली की पहारीचं बूड आपटून ऐका. पोकळ आवाज आला तर फरशी उघडून खात्री केल्याशिवाय भार टाकू नका.

जॅक एका वेळी पाव फेरा फिरवायचा, दोन्ही बाजूंचे सारखे. खांब आणि तळखडा यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसली की थांबायचं.  मजला शंभर वर्षांत दोन इंच खचला असेल तर तो सरळ करायच्या मोहात पडू नका; वरचे सांधे त्याच आकारात स्थिरावलेले असतात, उचललं की कुसू (लाकडाच्या टोकाच्या सांध्यातल्या जिभा) खोबणीतून निघतात आणि गिलावा तिरका तडकतो. हा सगळा टप्पा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय करू नये. त्याने वाड्याची कामं केली आहेत का, हेही विचारावं. फक्त आरसीसी ठाऊक असलेला इंजिनिअर पहिल्या भेटीत लोखंडी गर्डर सुचवतो.

खांबाचा पाय बदलणे

सात इंची (१८० मिमी) चौरस खांब आणि फूटभर कुजलेला पाय, असं उदाहरण घेऊ. कुजकं लाकूड संपतं तिथून आणखी सहा इंच वर चांगलं लाकूड कापायचं, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. तिथून अर्ध्याला अर्धा असा उभा सांधा घ्यायचा. लांबी खांबाच्या रुंदीच्या तिप्पट, म्हणजे साधारण ५४० मिमी. जुन्या खांबाचं अर्धं जाड ठेवायचं, नव्या तुकड्याचं अर्धं त्याच्याशी जुळवायचं. सांध्याची टोकं सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला किंचित उतरती करा, म्हणजे ओघळ आत जाणार नाही.

भार जातो तो या टोकांमधून. बोल्ट फक्त दोन तुकड्यांना एकत्र धरतात. म्हणून टोकं पूर्ण टेकली पाहिजेत. त्यासाठी सोपी युक्ती: एका टोकाला पातळ काव लावा, दुसरं त्यावर दाबा, काढा. जिथे लाल डाग उमटला तेवढंच टेकतंय. तो भाग पटाशीने तासायचा, पुन्हा दाबायचं. चौथ्या-पाचव्या वेळी डाग सगळीकडे सारखा उमटतो. या अर्ध्या तासाची घाई केली तर जॅक सोडल्यावर सांधा तेवढाच बसतो आणि वर भिंतीला केसाएवढी चीर येते.

जोडणीला १२ मिमीचे दोन स्टेनलेस बोल्ट, ५० मिमी चौरस जाड वायसर, आणि चार सागवानी खुंट्या, २० मिमीच्या, पूर्ण वाळलेल्या. नव्या तुकड्यातलं खुंटीचं भोक दोन मिलिमीटर सरकवून पाडलं तर खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. जुन्या सुतारांचं हे काम पाहायचं असेल तर पाडलेल्या वाड्यांच्या लाकडाच्या वखारीत जाऊन तुळयांची टोकं बघा.

लाकूडही तिथूनच आणा. जुनं सागवान महाग पडतं, खिळे काढावे लागतात, पण ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. २५ टक्के ओलाव्याचं नवं लाकूड लावलं तर वाळताना १८० मिमीच्या रुंदीत चार मिलिमीटरच्या आसपास आकसतं. बोल्ट ढिले, सांधा उघडा. कडेचा पांढरट भाग कधीच घेऊ नका, वाळवी तिथूनच सुरुवात करते. मुळाकडचं टोक खाली ठेवायची सुतारांची पद्धत आहे, ती पाळायला काही खर्च नाही.

तळखड्याभोवतीची फरशी दोन इंच मागे कापा आणि त्या चरीत बारीक खडी भरा. तळखड्याचा माथा पुन्हा उघडा पडला पाहिजे. त्यातल्या खळग्यात खांबाचा कुसू बसतो आणि पाणीही तिथेच साचतं. कोरडा करून चुन्याने भरा, मगच खांब टेकवा. खांबाच्या पायाला सिमेंटचा गोळा थापणं हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय. सहा महिने छान दिसतो. त्यानंतर लाकूड आटून गोळ्यात वाटीसारखी जागा होते आणि खांब त्या वाटीतल्या पाण्यात उभा राहतो.

कोरीव खांब असेल, विश्रामबागवाड्यातल्या सुरुदार खांबांसारखा, तर नव्या तुकड्यावर कोरीव काम जुळवा, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात दुरुस्तीचं साल कोरा. पुढच्या सुताराचा वेळ वाचतो.

तुळईचं टोक

भिंतीत गेलेलं टोक बाहेरून दिसत नाही. कडीपाटाला भिंतीजवळ खाली झोल आला असेल तर तिथे संशय घ्या. दुरुस्ती खांबासारखीच, फरक एवढा की इथे वाकण्याचा ताण असतो, त्यामुळे नुसता अर्ध्याला अर्धा सांधा चालत नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल किंवा मधे खाच पाडून पट्टी, मापं इंजिनिअरकडून. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती पाऊण ते एक इंच मोकळी जागा ठेवायची. गवंडी ती हमखास सिमेंटने भरतो. उभं राहून थांबवा.

चुना

भरणी आणि गिलावा लाकडापेक्षा नरम असला पाहिजे. काही हलायचं झालं तर चीर गिलाव्यात पडावी, वीट किंवा खांब फुटू नये. बाजारातली फक्की (चुन्याची तयार पूड) घेऊ नका, ती पुष्कळदा हवेत आधीच मेलेली असते. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना आणा. हौदात आधी पाणी, कळीच्या अडीच-तीनपट, मग कळी थोडी थोडी. उलट केलं, म्हणजे कळीवर पाणी ओतलं, तर उकळता चुना उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालणं सक्तीचं. विरवलेला चुना ३ मिमीच्या चाळणीतून गाळून पाण्याखाली ठेवा: दर्जा (विटा-दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरायला किमान आठवडा, गिलाव्याला महिना. जास्त ठेवला तर उत्तमच. तयार झाला की तो थापीवर लोण्यासारखा बसतो.

दर्जांसाठी चुना १, धुतलेली वाळू ३. जोत्यालगत आणि मोरीशेजारी, जिथे ओल येणार, तिथे चुना १, सुरखी १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. करपलेल्या विटांची पूड नुसती वाळूसारखी पडून राहते. पहिला हात १२ मिमी, त्यात कापलेला ताग. किमान आठवडा थांबून दुसरा हात ६ ते ८ मिमी. भिंत आदल्या दिवशी पाणी मारून ओली करा, वर ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. गूळ, हिरडा, मेथी यांबद्दल प्रत्येक गवंड्याची स्वतःची कृती असते. गच्चीच्या चुना-कोब्यासाठी सरकारी बांधकामांत रूढ असलेलं प्रमाण १०० लिटर पाण्याला ३ किलो गूळ आणि दीड किलो बेलफळ उकळून, एवढं आहे. त्याच्या पुढे गूळ वाढवला तर चुना उशिरा धरतो आणि मुंग्या येतात. ‘मजबुतीला’ म्हणून घमेलंभर सिमेंट टाकणाऱ्याला मात्र कामावर ठेवू नका.

गिलावा खांबाच्या पृष्ठभागाबरोबर संपवा. तो पुढे आला तर त्याच्या माथ्यावरून पाणी लाकडात जातं. ओला असतानाच लाकडालगत थापीच्या धारेने एक रेघ ओढा, म्हणजे चीर पडायची तिथेच सरळ पडेल. ती रेघ कशानेही भरू नका.

तेल, कीड, आग

लाकडावरचा जुना ऑइलपेंट ब्लो टॉर्चने जाळून काढायचा नाही, वाळूच्या फवाऱ्यानेही नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावून, पाणी शिंपडत खरवडा. नंतर जवसाचं तेल, कोमट, पातळ, तीन हात. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने न मुरलेलं तेल पुसून टाका. ज्या चिंध्यांनी पुसलं त्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर रात्रीतून आपोआप पेटू शकतात. बादलीभर पाण्यात बुडवा, मगच घरी जा. व्हार्निश बाहेरच्या लाकडाला नको. त्याची पापडी फुटली की पाणी आत जातं आणि अडकतं.

भुंगा लागलेल्या आतल्या लाकडाला १०० लिटर पाण्यात ६ किलो बोरॅक्स आणि ४ किलो बोरिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून, दोनदा. हे तेलाच्या आधी करायचं. पावसात भिजणाऱ्या लाकडावर ते धुऊन जातं. वाळवीसाठी जमिनीतली प्रक्रिया परवानाधारक माणसाकडून करून घ्या. चौकात विहीर असेल तर त्याला आधी सांगा.

शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, विश्रामबागवाड्याचा भाग १८७९ मध्ये. लाकडी पट्ट्यांतली जुनी वायर, त्यावर गीझर आणि इस्त्री हा आजचा धोका आहे. चौकट उघडी आहे तोवरच सगळी वायर लोखंडी किंवा जाड पीव्हीसी नळीतून नवी ओढा, गीझरला वेगळी लाइन, मुख्य फळीवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ.

परवानगी

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे हेरिटेज सेलमध्ये विचारा. शनिवारवाड्यापासून किंवा पाताळेश्वर लेण्यापासून ३०० मीटरच्या आत असाल तर पुरातत्त्वाच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. पहिल्या १०० मीटरमध्ये दुरुस्ती मान्य होऊ शकते, नवं बांधकाम नाही. भाडेकरू असतील तर टेकू लावण्याच्या तारखा त्यांना लेखी द्या. मधल्या खणातलं बिऱ्हाड एका रात्रीत हलत नाही.

काम संपल्यावर जॅक लगेच काढू नका. आठवडाभर रोज पाव फेरा सोडा आणि सांध्यावर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा सरकतात का ते बघा. बोल्टचे नट पहिल्या वर्षी दोनदा आवळावे लागतात: एकदा संक्रांतीच्या सुमाराला, एकदा मेमध्ये शाकारणीच्या वेळी, जेव्हा लाकूड सर्वांत जास्त आटलेलं असतं.